हे पत्र कोणाच्या नावाचं?

मी अडतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे डाकसेवेत, टपाल सॉर्ट केलं. रात्रपाळीला थैली उघडायची, टेबलावर पत्रांचा ढीग ओतायचा आणि समोरच्या लाकडी खणांत एकेक पत्र टाकत जायचं. वर्धा, भंडारा, गोंदिया, बल्लारशा. मी 1974 साली लागलो, तेव्हा पिनकोड येऊन दोन वर्षं झाली होती, पण खेड्यातली माणसं तो लिहीत नसत. पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते आम्हाला विचारा. तालुका पुसट झाला असेल तर पाठवणाऱ्याचं गाव, शिक्क्यावरची तारीख, अक्षराचं वळण, सगळं पाहून अंदाज बांधायचा. चुकीच्या खणात गेलेल्या पत्राला आमच्याकडे ‘मिससेंट’ म्हणत. माझ्या हातून असं फार कमी झालं, आणि त्याचा मला जरा गर्वच होता.

रविवारी मी उपदेश करायचो. आमच्या मंडळीत पाळकसाहेब असतात, पण ते गावोगावच्या उपासनांना गेले की व्यासपीठावर ले प्रीचर उभा राहतो. दीक्षा न घेतलेला, पण मंडळीनं बोलायची परवानगी दिलेला साधा माणूस. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगतो: आमच्या उपासनेत गीतं असतात, प्रार्थना असते, बायबलमधून शास्त्रपाठ वाचला जातो आणि मग वीस-पंचवीस मिनिटं त्या पाठावर कोणीतरी बोलतं. त्यालाच उपदेश किंवा संदेश म्हणतात. बोलणारा स्वतःची मतं सांगायला उभा नसतो. ‘शास्त्र काय म्हणतं’ ते सांगायला उभा असतो, अशी निदान समजूत असते.

31 डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे वचनाची कार्डं काढतात. एका थाळीत छोटी छोटी कार्डं, प्रत्येकावर बायबलचं एक वाक्य. डोळे मिटून एक उचलायचं आणि वर्षभर कपाटाच्या काचेला चिकटवून ठेवायचं. 1990 च्या जानेवारीत एका घरी प्रार्थनासभा होती. घरधन्याची गिरणी बंद पडून काही महिने झाले होते. त्याच्या बायकोनं काढलेलं कार्ड यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातल्या 11 व्या वचनाचं होतं. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला आशेचं भविष्य आहे, अशा अर्थाचं ते वचन. जगभरच्या ख्रिस्ती घरांत कप, कॅलेंडर आणि आता व्हॉट्सअॅपवर याच्याइतकं दुसरं वचन क्वचितच छापलं गेलं असेल.

मी त्यावर चाळीस मिनिटं बोललो. इकडून तिकडून आणखी डझनभर वचनं जोडली. आवाज चढवला. “याच वर्षी तुमचं दार उघडणार,” असं बोट रोखून सांगितलं. बाया रडल्या, ‘आमेन’ झालं, चिवडा-चहा झाला आणि दोघातिघांनी “भाऊ, आज फार आशीर्वाद मिळाला” म्हणून माझा हात हलवला.

दोन हिवाळे गेले. सीताबर्डीला तो मला दिसला, सायकलला टोपल्या लावून संत्री विकत होता. चार संत्री जास्त घातली, पैसे घेईना. मग अगदी सहज, तक्रारीचा सूर नसलेल्या आवाजात म्हणाला, “भाऊ, तुम्ही त्या दिवशी सांगून राह्यले होते ना, ते वचन कोणाले होतं जी?”

मला उत्तर आलं नाही. जन्मात कोणाचं मनीऑर्डरचं कागदपत्र चुकीच्या गावी पाठवलं नाही, असं म्हणवणारा माणूस मी. घरी आलो आणि यिर्मयाचा 28 वा आणि 29 वा अध्याय पहिल्यांदा सलग वाचला.

तो 29 वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. खरंखुरं पत्र, नावपत्त्यासकट. ख्रिस्तपूर्व 597 च्या सुमाराला बाबेलच्या राजानं यरुशलेमातून राजा, कारागीर आणि प्रतिष्ठित माणसं बंदिवान करून नेली. त्या परदेशी नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमातून पत्र लिहिलं. ते कोणाच्या हाती धाडलं तेही तिथं लिहिलंय: शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. टपालखात्यातल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटावं! आणि पत्रात काय आहे? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत कधी यायचं? सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र हातात घेणारे बहुतेक जण तिथंच मरणार होते. हे सगळं सांगून झाल्यावर मग ते 11 वं वचन येतं.

त्याच्या आधीच्या, 28 व्या अध्यायात हनन्या नावाचा एक माणूस आहे. तोही देवाच्याच नावानं बोलतो. त्याची मुदत सत्तर वर्षांची नाही, दोन वर्षांची. दोन वर्षांत सगळं परत मिळेल, असं तो मंदिरात सगळ्यांसमोर ठणकावून सांगतो. लोकांना आवडलाच असणार. यिर्मया त्याला खोटा ठरवतो.

शब्द मी यिर्मयाचे वापरले होते. संदेश मात्र हनन्याचा दिला होता. त्यानं दोन वर्षं तरी दिली होती, मी एकच दिलं.

उपदेश शास्त्राला धरून आहे की नाही, हे वचनांच्या संख्येवरून ठरत नाही, ते मला त्या रात्री कळलं. खरं तर ते बायबलमध्येच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाकायला सांगतो आणि आधाराला 91 वं स्तोत्र काढतो. शब्द बरोबर. पण ते स्तोत्र देवाच्या आसऱ्याला राहणाऱ्याला धीर देण्यासाठी लिहिलंय, देवाची परीक्षा पाहण्यासाठी नाही. येशू त्याला उत्तर देतो तेही शास्त्रातूनच.

मला यात खरं शिकवलं ते आमच्या शेजारच्या काकाजींनी. काकाजी वर्ध्याकडचे, माळकरी, आषाढी न चुकवणारे. त्यांच्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. रविवारी मी चर्चमधून आलो की फाटकाशी विचारत, “आज निरूपणाले कोणता अभंग होता?” ही त्यांची नेहमीची थट्टा. संत्र्यांचा तो प्रसंग मी त्यांना सांगितला तेव्हा मात्र ते थट्टेवर गेले नाहीत. म्हणाले, वारकरी कीर्तनात बुवा एक अभंग घेतो. मग चरणाचरणानं त्याचा अर्थ उलगडायचा. मधे ज्ञानोबा, एकनाथ, नामदेव येतात, ती ‘प्रमाणं’. “पण प्रमाण देल्लं म्हणजे झालं नाही. ते तिथं बसलं पाह्यजे. अभंग एकीकडं आन् बुवा दुसरीकडं चालला, तर मागची टाळकरी पोरंबी वळखतात.” आमच्या सेमिनऱ्यांमध्ये तीन-चार वर्षं जे शिकवतात, त्याचा गाभा काकाजींनी फाटकाला टेकून सांगितला.

(सेमिनरी म्हणजे पाळक किंवा धर्मगुरू घडवणारं विद्यालय. सेमिनरी हिल्सला रोज फिरायला जाणाऱ्या किती नागपूरकरांना ठाऊक असेल की ते नाव तिथल्या कॅथलिक सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं? आपल्या विदर्भात यवतमाळलाही 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली.)

ख्रिस्ती मंडळीनं कीर्तनाची ही चौकट ओळखली नव्हती असंही नाही. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं केली, पुढे नारायण वामन टिळकांनी केली. रेव्हरंड टिळकांचा तर नागपूरशी जवळचा संबंध. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ते नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचं बोलणं झालं. त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. भाकिताचं सोडा, मला तसल्या मुदतींचा आता धसका आहे. पण त्या माणसानं डब्यात उपदेश झोडला नाही, पुस्तक हातात ठेवून वाचायला सांगितलं, हे मला फार मोठं वाटतं. टिळकांनी मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन स्वतः वाचलं आणि तिथून ते हलले नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मध्ये कोणी बोलका उपदेशक नसताना मजकुरानं स्वतःचं काम केलं होतं.

मजकूर आपल्या भाषेत असणं ही त्याच्याही आधीची पायरी. श्रीरामपूरला विल्यम केरीनं मराठी नवा करार 1811 साली छापला, मोडीत. त्याचे मराठीचे पंडित वैजनाथशास्त्री. त्या मराठीला आपल्या नागपूरकडच्या बोलीचा वास होता असं जाणकार सांगतात. मुंबईकडच्यांना ती रुचेना, मग अमेरिकन मिशनऱ्यांनी आपलं भाषांतर केलं, तो नवा करार 1826 चा. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, अडाणी बाईलाही कळावं म्हणून, केडगावला एकटीनं सबंध बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं. एका शब्दासाठी ज्यांनी अशी वर्षं घातली, त्यांच्या वाक्याचा अर्धा तुकडा तोडून मी प्रार्थनासभेत फेकतो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

नागपूरच्या मिशनचं पहिलं नाव स्टीफन हिस्लॉप यांचं. कॉलेजमुळे नाव सगळ्यांना माहीत, माणूस फारसा कोणाला नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी 1845 साली नागपुरात आला. मराठी शिकला, शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले. मला त्याचं एकच काम सगळ्यात जास्त आवडतं. गोंडांची लिंगोची मोठी कथा त्यानं एका परधानाच्या तोंडून ऐकून गोंडीत जशीच्या तशी उतरवून घेतली. स्वतः ती मानत नव्हता, तरी आपल्या मनासारखी वळवली नाही. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नदीच्या पुरात तो बुडाला, घोडा एकटाच परत आला. त्याचे कागद 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापले, म्हणून ती कथा आज आपल्या हाती आहे. दुसऱ्याच्या शब्दांशी इमान कसं राखायचं, ते ज्याला येतं त्यानं बायबल उघडावं, असं मला वाटतं.

आता पाठ निवडायचा कोणी? यावर ख्रिस्ती लोकांत दोन रिवाज आहेत. काही मंडळ्यांत उपदेशकाला जे वचन सुचेल ते तो घेतो. काहींत वाचनक्रम ठरलेला असतो: अमुक रविवारी जुन्या करारातला हा भाग, हे स्तोत्र, हे पत्र, हे शुभवर्तमान. कॅथलिकांचा रविवारचा क्रम 1969 पासून तीन वर्षांच्या फेऱ्याचा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात वाचनक्रमावर वाढलेले अँग्लिकन होते तसेच स्वतः पाठ निवडणारे बाप्टिस्टही होते. माझं मत विचाराल तर मी ठरलेल्या क्रमाच्या बाजूचा. सॉर्टरला आवडीची थैली निवडता येत नाही. समोर आली ती उघडायची. मोकळं सोडलं तर मी वर्षभर पाच-सहा लाडक्या वचनांभोवती घाणा फिरवीन, हे मला माहीत आहे. तिसरा मार्गही आहे, पुस्तक घ्यायचं आणि क्रमानं संपवायचं. जिनीव्हाच्या कॅल्विनला 1538 च्या ईस्टरनंतर गावकऱ्यांनी हाकलून दिलं. 1541 साली परत बोलावलं, तेव्हा तो व्यासपीठावर चढला आणि तीन वर्षांपूर्वी जिथं थांबला होता त्याच्या पुढच्या वचनापासून बोलू लागला. हाकलणाऱ्यांना चार शब्द सुनावायची इतकी चांगली संधी मी तरी सोडली नसती.

क्रमानं वाचलं की नको असलेले भागही येतात. एकदा माझ्या वाट्याला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आला. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो आणि फाटक्या कपड्यातला येतो, आणि तुम्ही पहिल्याला मानाची जागा देता, दुसऱ्याला म्हणता तिथं उभा राहा किंवा पायाशी बस. आमच्याकडे पहिला बाक पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेला असे, आणि त्या दिवशी तिथं पाहुणे बसलेलेच होते. मी आदल्या रात्री तो भाग ‘आध्यात्मिक’ करायचा प्रयत्न केला: अंगठी म्हणजे अहंकार, फाटके कपडे म्हणजे नम्रता, वगैरे. ही पळवाट उपदेशकांची फार जुनी आहे. पण याकोब बाकाबद्दलच बोलतोय. मी बाकाबद्दलच बोललो. पुढचे सहा महिने माझं नाव उपदेशाच्या यादीत आलं नाही. गलतीकरांच्या पत्रातला तिसरा अध्याय तर आणखी जड. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही, ते तिथं आहे. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो माणसांनी जातीचं जोखड फेकलं, त्या शहरात या अध्यायावर गोड गोड बोलून संध्याकाळी मुलाच्या लग्नासाठी जात चाचपणारे आमच्यातही आहेत. तिथं उपदेशक गप्प राहिला, तर वचनं कितीही बिनचूक वाचली तरी तो मजकुराला धरून बोलला असं मी म्हणणार नाही.

अर्थात याच्या उलटही होतं. मजकूर कळला, इतिहास सांगितला, राजांच्या तारखा सांगितल्या आणि वेळ संपली. समोर बसलेल्या बाईच्या नवऱ्याची किडनी गेलेली असते, तिला बाबेलच्या वंशावळीचं काय? नहेम्याच्या आठव्या अध्यायात याचा नमुना आहे. यरुशलेमच्या चौकात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो. लेवी लोकांत फिरून अर्थ सांगतात. लोकांना कळतं आणि ते रडू लागतात. मग त्यांना सांगितलं जातं: रडू नका, जेवा, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्या घरी ताट पाठवा. वाचणं, समजावणं, आणि मग शेजारच्या घरात जाणारं ताट. उपदेश तिथपर्यंत पोचायला हवा.

त्या गिरणीकामगाराला मी काय सांगायला हवं होतं? ‘या वर्षी’ म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता. ते पत्र त्याच्या नावाचं नव्हतं. पण ज्या देवानं ते लिहवलं तो त्याचाही देव आहे, एवढं मी म्हणू शकलो असतो. जिथं आणून टाकलंय तिथंच घर बांध, झाडं लाव, या शहराचं भलं माग, असं म्हणू शकलो असतो. त्यानं ते माझ्या सांगण्यावाचूनच केलं होतं, सायकल आणि टोपल्या घेऊन. पुढे त्यानं हातगाडी घेतली, मुलीला नर्स केलं.

मी 2012 साली निवृत्त झालो. उपदेशाला अजून कधीमधी उभा राहतो. आता पानं उलटल्याचा आवाज कमी झालाय, पोरं मोबाईलवर वचन शोधतात. हरकत नाही, शोधतात तर. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावचे लोक आहेत, पौलासारख्याचं ऐकूनही ते घरी जाऊन रोज शास्त्र तपासत, हे असंच आहे का म्हणून. पौल त्यांच्यावर रागावल्याचं कुठं लिहिलेलं नाही. उलट त्यांना थोर मनाचे म्हटलंय.

गेल्या वर्षी वाचनक्रमात यिर्मयाचा तोच अध्याय माझ्या रविवारी आला. दुसऱ्या बाकावर तो होता, मोठ्या अक्षरांचं बायबल मांडीवर, बोट ओळीवर. मी पहिल्या वचनापासून वाचलं, एलासा आणि गमऱ्यासकट. सत्तर वर्षं मोठ्यानं वाचली. 11 व्या वचनाशी आलो तेव्हा आवाज चढवला नाही, चढलाही नसता.

उपासना सुटल्यावर दाराशी हात मिळवताना तो म्हणाला, “आज पुरं पत्र वाचलं, भाऊ.” मग थोडा घुटमळला. “पण एक सांगा जी. इतकं मोठं पत्र धाडलं, तिकडून जवाब आला का?”

“आला ना,” मी म्हटलं. “शमाया नावाच्या एकानं यरुशलेमच्या याजकाला उलटटपाली लिहिलं, की या यिर्मयाला अजून खोड्यात का नाही घातलं.”

“काय सांगता?”

“24 व्या वचनापासून पुढं पाहा.”

त्यानं खिशातून चष्मा काढला, पायरीवर बसला आणि पान शोधू लागला. मागची माणसं त्याच्या बाजूनं उतरत राहिली.